कडी आतून, मदत बाहेर

सकाळचे साडेनऊ झाले असतील. अपघात विभागात एका ७२ वर्षांच्या आजींना आणले. उजवी बाजू लुळी पडलेली, वाचा गेलेली, जीभ कोरडीठाक. रात्रभर फरशीवर उजव्या कुशीवर पडून राहिल्याने खांदा, कंबर आणि घोट्यावरची कातडी काळी-निळी झालेली. सोबत शेजारचे काका-काकू होते. काकूंच्या हातात अजूनही दुधाची पिशवी होती. ती दाराला तशीच लटकलेली दिसली, म्हणून त्यांनी सव्वासातला बेल वाजवली होती. आतून कण्हण्याचा आवाज आला.

शेजाऱ्यांकडे जादा किल्ली होती. पण सेफ्टी डोअरला आतून कुलूप, मुख्य दाराला वर-खाली दोन कड्या आणि गॅलरीला न उघडणारे ग्रिल. आधी सुतार आला, मग ग्रिल कापणारा. आत पोहोचायला जवळपास दोन तास लागले. दोन वर्षांपूर्वी त्या इमारतीत चोरी झाली होती. त्यानंतर परगावी नोकरी करणाऱ्या मुलाने हौसेने नव्हे, काळजीने हा सगळा बंदोबस्त करून घेतला होता. दारावर कॅमेराही होता. ते दोन तास तो मुलगा मोबाइलवर आपल्याच घराचे बंद दार आणि दाराबाहेर उभे असलेले शेजारी पाहत होता. दाराच्या आत काय चालले आहे, ते मात्र त्या कॅमेऱ्याला दिसत नव्हते.

घरातून एक चमचाही चोरीला गेला नव्हता. गेला तो वेळ. पक्षाघातात मेंदूतील गुठळी विरघळवण्याचे इंजेक्शन साधारणपणे लक्षणे सुरू झाल्यापासून साडेचार तासांच्या आत द्यावे लागते. आजी शेवटच्या बोलल्या होत्या आदल्या रात्री साडेनऊला. झटका नेमका कधी आला हे सांगायला कुणीच नव्हते, आणि स्कॅनमध्ये मेंदूचा बराच भाग आधीच निकामी झालेला दिसत होता. इंजेक्शन देता आले नाही.

मुलाला दोष द्यावा असे मला वाटत नाही. घराची सुरक्षा म्हटले की आपण सगळे एकच प्रश्न विचारतो : चोर आत कसा येणार नाही? दुकानदारही त्याच प्रश्नाचे उत्तर विकतो. गेली पंचवीसहून अधिक वर्षे सरकारी रुग्णालयात काम केल्यावर मला त्याला आणखी दोन प्रश्न जोडावेसे वाटतात. आतल्या माणसावर प्रसंग आला तर मदत आत कशी येईल? आणि आत आग किंवा धूर झाला तर तो बाहेर कसा पडेल? या तिन्ही प्रश्नांना उत्तर देते, तीच सुरक्षा व्यवस्था घ्यावी.

मिनिटांचा हिशोब

अचानक हृदय बंद पडले आणि छातीवर दाब देणारे कुणी नसेल, तर वाचण्याची शक्यता दर मिनिटाला साधारण ७ ते १० टक्क्यांनी कमी होते. चार ते सहा मिनिटांत मेंदूला इजा होऊ लागते. मोठी रक्तवाहिनी बंद होऊन झालेल्या पक्षाघातात उपचाराविना दर मिनिटाला सुमारे १९ लाख मेंदूपेशी मरतात, असा अंदाज आहे. बंद खोलीत धूर भरू लागला तर बाहेर पडायला काही मिनिटेच मिळतात.

नुसते पडून राहणेही घातक असते, हे फारसे माहीत नसते. खुब्याचे हाड मोडलेला किंवा अंगात ताकद नसलेला म्हातारा माणूस तासन् तास एकाच कुशीवर पडून राहिला की त्या बाजूचे स्नायू स्वतःच्याच वजनाखाली चिरडतात. त्यांतील मायोग्लोबिन नावाचे प्रथिन रक्तात उतरते आणि मूत्रपिंडांना इजा करते. लघवी काळ्या चहासारखी होते. रक्तातले पोटॅशियम वाढून हृदयाचे ठोके बिघडू शकतात. त्यात पाणी न मिळाल्याने आलेली शुष्कता, फरशीचा गारवा, न्यूमोनिया आणि दाबाने झालेल्या जखमा. म्हणजे पडण्याने झालेली दुखापत एक, आणि पडून राहण्याने झालेली दुसरी. पहिली टाळणे नेहमी आपल्या हाती नसते. दुसरी बऱ्याचदा असते.

एका नर्सची कल्पना

घरासाठी कॅमेऱ्याची सुरक्षा व्यवस्था पहिल्यांदा मांडणाऱ्यांपैकी एक बाई नर्स होती, हे आमच्या व्यवसायातही फार थोड्यांना ठाऊक असते. मेरी व्हॅन ब्रिटन ब्राउन न्यूयॉर्कच्या क्वीन्स भागात राहत. त्यांच्या आणि पतीच्या कामाच्या वेळा जुळत नसत, त्यामुळे रात्री-अपरात्री त्या घरी एकट्या असत. पोलीस लवकर पोहोचतील याची खात्री नसे. पती अल्बर्ट इलेक्ट्रॉनिक्सचे जाणकार. दोघांनी मिळून एक रचना केली आणि १९६६ मध्ये पेटंटसाठी अर्ज केला. डिसेंबर १९६९ मध्ये ते मिळाले.

दारात वेगवेगळ्या उंचीवर बघण्याची छिद्रे, त्यांवर सरकणारा कॅमेरा, झोपण्याच्या खोलीत पडदा, बाहेरच्याशी बोलायला माइक आणि धोका वाटला तर इशारा देणारे बटण, अशी ती रचना होती. पण मला त्यातली आणखी एक सोय महत्त्वाची वाटते. ओळखीचे माणूस असेल तर पलंगावरूनच बटण दाबून दार उघडता येत असे. ब्राउनबाईंच्या रचनेत दार बंद ठेवण्याइतकाच विचार दार उघडण्याचाही होता. आज आपण त्यातला कॅमेरा घेतला आणि दार उघडण्याची सोय मात्र अनेकदा विसरलो.

दार, कुलूप आणि कडी

म्हणून खरेदीची सुरुवात कॅमेऱ्यापासून नको, दारापासून करावी. दाराची चौकट मजबूत आहे का, बिजागऱ्या बाहेरून निघणाऱ्या नाहीत ना, दारावर भिंग आहे का, साखळी आहे का, हे आधी पाहावे. कमकुवत चौकटीवर महागडे कुलूप लावून फायदा नसतो.

कुलूप असे घ्यावे, की जे आतून किल्लीविना, नुसती मूठ फिरवून उघडते आणि बाहेरून किल्लीने उघडते. दोन्ही बाजूंनी किल्लीच लागणारे कुलूप वापरत असाल, तर आग लागल्यावर अंधारात, धुरात किल्ली शोधावी लागेल. काही कुलुपांत आतल्या बाजूने किल्ली खोचून ठेवली की बाहेरची किल्ली चालतच नाही. ही गोष्ट विकत घेण्याआधी दुकानातच करून पाहावी.

राहता राहिली कडी. वर-खाली लावलेल्या कड्या चोराला अडवतात हे खरे, पण बाहेरून त्या कुणालाच उघडता येत नाहीत. घरात चार माणसे असतील तर त्याचे काही वाटत नाही. एकटे राहणाऱ्याने मात्र रात्री कडीऐवजी चांगल्या प्रतीच्या कुलपावर भिस्त ठेवावी, ज्याची दुसरी किल्ली बाहेर कुणाकडे तरी आहे. सेफ्टी डोअरलाही हाच नियम. साखळी लावायची ती बेल वाजल्यावर दार किलकिले करून बघण्यापुरती.

बोटाच्या ठशाने उघडणारी डिजिटल कुलपे आता सर्रास मिळतात. किल्ली हरवण्याची कटकट त्यात नाही, आणि मुलांना लांबून दार उघडून देता येते हा खरा फायदा आहे. पण वयाबरोबर बोटांची कातडी पातळ, कोरडी होते. आयुष्यभर शेतात, बांधकामावर किंवा धुण्याभांड्यांत राबलेल्या हातांचे ठसे पुसट झालेले असतात. आधारच्या यंत्रापुढे पुन्हा पुन्हा बोट ठेवणारे आजी-आजोबा आपण पाहिलेत. केमोथेरपीच्या काही औषधांनीही ठसे नाहीसे होऊ शकतात. त्यामुळे अशा कुलपाला आकडी कोड, साधी किल्ली आणि बॅटरी संपल्यावर बाहेरून वीज देण्याची सोय, तिन्ही असायला हवे.

न्हाणीघराच्या दाराचा विचार सहसा कुणी करत नाही, पण म्हातारी माणसे पडतात ती पुष्कळदा तिथेच. दार आत उघडत असेल तर पडलेल्या माणसाच्या अंगाला अडून ते उघडतच नाही. ते बाहेर उघडणारे किंवा सरकते करून घ्यावे. आतली कडी काढून, बाहेरून नाण्याने किंवा स्क्रूड्रायव्हरने फिरवता येईल अशी खिट्टी बसवावी. हे काम सुतार अर्ध्या दिवसात करतो.

ग्रिलमध्ये एक दार

शहरांतल्या इमारतींकडे खालून पाहिले तर प्रत्येक गॅलरी लोखंडी पिंजऱ्यासारखी दिसते. त्यात झाडे, सायकली, धुण्याच्या दोऱ्या. लहान मूल असलेल्या घरात ग्रिल हवेच, पण घरातली प्रत्येक खिडकी कायमची बंद करणे म्हणजे आगीत दुसरा मार्गच न ठेवणे. मुख्य दाराशीच आग असेल तर माणूस गॅलरीकडे धावतो, आणि तिथे अग्निशमन दलाच्या जवानांना आधी ग्रिल कापावे लागते.

निदान एका खिडकीच्या किंवा गॅलरीच्या ग्रिलला माणूस बाहेर निघू शकेल एवढी उघडणारी झडप ठेवावी. तिला आतून कडी असावी. कुलूपच लावायचे असेल तर किल्ली त्याच खोलीत, बाहेरून हात पोहोचणार नाही पण घरातल्या सर्वांना माहीत असेल अशा ठिकाणी टांगावी. या झडपेसमोर कुंड्या रचू नयेत.

सेन्सर कसे काम करतात

दारा-खिडक्यांच्या सेन्सरची रचना साधी असते. झडपेवर छोटे चुंबक आणि चौकटीवर काचेच्या नळीतल्या दोन पातळ धातूच्या पट्ट्या. झडप उघडली की चुंबक लांब जाते, पट्ट्या जागा सोडतात आणि इशारा मिळतो. हे सेन्सर स्वस्त आणि भरवशाचे असतात. स्मृतिभ्रंश झालेली व्यक्ती घरात असेल तर चोरापेक्षा तिच्यासाठीच त्यांचा उपयोग अधिक. रात्री दोनला आजोबा दार उघडून निघाले, तर घरच्यांना जाग येते.

हालचाल ओळखणारा सेन्सर आपल्या अंगातून निघणारे, डोळ्यांना न दिसणारे अवरक्त किरण टिपतो. भिंतीपेक्षा गरम काहीतरी समोरून सरकले की तो जागा होतो. म्हणजे त्याला माणूस कळत नाही, तापमानातला फरक कळतो. म्हणून विदर्भातल्या मे महिन्यात, भिंतीच अंगाइतक्या तापलेल्या असताना, त्याची नजर मंदावते. उलट ऊन पडलेला, पंख्याने हलणारा पडदा, मांजर किंवा थेट भिंगावरून चालणारी पालही त्याला चोर वाटू शकते. तो पंख्याच्या झोतात किंवा उन्हाच्या खिडकीसमोर बसवू नये. घरात एकटी व्यक्ती असेल तर याच सेन्सरचा उलटा वापर करता येतो. सकाळी आठपर्यंत स्वयंपाकघरात हालचालच झाली नाही, तर मुलाच्या फोनवर संदेश जातो. ही सोय आहे का, ते जरूर विचारावे.

खोट्या इशाऱ्यांचा प्रश्न आम्हाला अतिदक्षता विभागात रोज भेटतो. तिथली यंत्रे दिवसभर पिकपिक करत असतात आणि त्यातले बहुतेक इशारे निरर्थक असतात. हळूहळू कानाला सवय होते आणि खऱ्या इशाऱ्याकडेही दुर्लक्ष होण्याचा धोका निर्माण होतो. घरातही तसेच घडते. आठवड्यात तीनदा उगाच वाजणारा सायरन चौथ्यांदा शेजाऱ्यांना उठवत नाही, आणि महिनाभरात घरमालकच तो बंद करतो. दहा सेन्सर लावण्यापेक्षा नीट बसवलेले तीन बरे.

आणखी एक गोष्ट कानांची. वयाने येणारा बहिरेपणा आधी उंच पट्टीच्या आवाजांना गाठतो. धुराचे बरेच इशारायंत्र नेमके त्याच पट्टीत, ३००० हर्ट्झच्या आसपास, वाजते. झोपेतल्या म्हाताऱ्या माणसाला जागे करायला ५२० हर्ट्झचा खर्जातला आवाज जास्त परिणामकारक ठरतो, असे अभ्यासांत दिसले आहे. तसे यंत्र मिळाले तर उत्तमच. नाही तर निदान एवढी चाचणी करावी : झोपण्याच्या खोलीचे दार लावून, पंखा सुरू ठेवून, श्रवणयंत्र काढून ठेवलेल्या आजोबांना तो आवाज ऐकू येतो का? कानावर पुरेसा पडत नसेल तर उशीखाली थरथरणारे किंवा दिवा लुकलुकवणारे उपकरण घ्यावे.

घरातल्या हवेतला धोका

चोरापेक्षा घातक पाहुणे घरातच असतात. धुराचे इशारायंत्र छताला, झोपण्याच्या खोल्यांबाहेरच्या पॅसेजमध्ये लावावे. स्वयंपाकघरात लावले तर रोजच्या फोडणीने ते वाजेल आणि चार दिवसांत त्याची बॅटरी काढली जाईल. स्वयंपाकघरासाठी उष्णता ओळखणारे यंत्र वेगळे मिळते.

गॅसचे यंत्र कुठे लावायचे, यात बऱ्याच घरांत चूक होते. सिलिंडरमधला गॅस हवेपेक्षा जड असल्याने गळती झाली की जमिनीलगत साचतो, म्हणून यंत्र जमिनीपासून फूटभर उंचीवर हवे. पाइपने येणारा नैसर्गिक गॅस हवेपेक्षा हलका असतो, त्याचे यंत्र छताजवळ हवे. वयोमानाने, आणि कोविडनंतरही अनेकांचे, वासाचे ज्ञान कमी होते. अशा घरात हे यंत्र चैनीत मोजू नये. सिलिंडरच्या गॅसचा वास आला तर दिव्याचे बटण दाबू नये, पंखा लावू नये. रेग्युलेटर बंद करून दारे-खिडक्या उघडाव्यात, बाहेर पडावे आणि १९०६ या क्रमांकावर फोन करावा.

तिसरा धोका कार्बन मोनॉक्साइडचा. बंद न्हाणीघरात लावलेला गॅस गीझर अपुऱ्या हवेत जळताना हा वायू तयार करतो. त्याला रंग नाही, वास नाही. रक्तातल्या हिमोग्लोबिनला तो प्राणवायूपेक्षा दोनशेहून अधिक पट घट्ट चिकटतो. डोके दुखते, मळमळते, पायांतले त्राण जाते, आणि माणूस कडी काढायच्या आधीच कोसळतो. बोटाला लावायच्या ऑक्सिमीटरवर तेव्हाही आकडा चांगला दिसू शकतो, कारण त्या यंत्राला दोन्ही वायूंतला फरक कळत नाही. गॅस गीझर न्हाणीघराबाहेर, मोकळ्या हवेत बसवणे हाच यावर खरा इलाज आहे. न्हाणीघराची खिट्टी बाहेरून उघडता यायला हवी असे मी वर म्हटले, त्याचे हे आणखी एक कारण.

कॅमेरा कुठे आणि कुणासाठी

कॅमेरा हवा तर दाराबाहेर, जिन्यावर, अंगणात लावावा. झोपण्याच्या खोलीत आणि न्हाणीघरात कधीही नको. दिवाणखान्यात लावायचा असेल तर तिथे राहणाऱ्या माणसाला आधी विचारावे. "तुमच्याच भल्यासाठी" म्हणून न विचारता लावलेल्या कॅमेऱ्याखाली काही वृद्ध संकोचतात, साडी नीट करत बसतात, मोकळे बोलत नाहीत.

दुसरा मुद्दा कॅमेऱ्याच्या सुरक्षेचा. २०१६ मध्ये मिराई नावाच्या प्रणालीने जगभरातले लाखो कॅमेरे आणि राउटर ताब्यात घेतले, त्याचे कारण क्षुल्लक होते : मालकांनी कंपनीचा मूळ पासवर्ड बदललाच नव्हता. भारतात विकल्या जाणाऱ्या सीसीटीव्ही कॅमेऱ्यांना एप्रिल २०२५ पासून सुरक्षाविषयक चाचण्या सक्तीच्या झाल्या आहेत. खरेदी करताना त्याचे प्रमाणपत्र मागावे. बसवून गेलेल्या माणसाने ठेवलेला पासवर्ड त्याच दिवशी बदलावा. वीज गेल्यावर वायफाय बंद पडते आणि त्याबरोबर कॅमेराही, म्हणून राउटरला इन्व्हर्टरची किंवा छोट्या बॅटरीची जोड द्यावी.

हाक मारायचे बटण

एकट्या वृद्धांसाठी गळ्यात किंवा मनगटावर घालायचे बटण मिळते. ते दाबले की ठरलेल्या क्रमांकांवर फोन जातो. चांगली वस्तू आहे, पण तिच्यावर सगळा भार टाकू नये. इंग्लंडमधल्या केंब्रिज शहरात ९० वर्षांवरील ११० जणांवर वर्षभर लक्ष ठेवून केलेला अभ्यास २००८ मध्ये प्रसिद्ध झाला. त्या वर्षात ६६ जण पडले. त्यातल्या ५३ जणांना एकदा तरी आपले आपण उठता आले नाही आणि २० जण तासाहून अधिक वेळ जमिनीवर पडून होते. अशी बटणे अनेकांकडे होती, पण बराच वेळ पडून राहावे लागले त्या बहुतेक प्रसंगी ती दाबलीच गेली नाहीत. कुणाला ओझे व्हायचे नव्हते, कुणाला आपणच उठू असे वाटले, कुणाचा हात पोहोचला नाही.

म्हणून यंत्राला माणसाची जोड हवी. रोज ठरलेल्या वेळी एक फोन किंवा एक संदेश. तो आला नाही तर शेजारी किल्ली घेऊन जाईल, एवढे ठरलेले असावे. आणीबाणीत ११२ हा क्रमांक पोलीस, अग्निशमन आणि रुग्णवाहिका तिन्हींसाठी चालतो. महाराष्ट्रात रुग्णवाहिकेसाठी १०८ आहे. हे दोन्ही आकडे ठळक अक्षरांत, चष्म्याविना वाचता येतील असे, पलंगाजवळ चिकटवावेत. फोनचा चार्जर पलंगाशी असावा आणि फोन जमिनीवरून हाताला येईल इतक्या खाली.

भीतीही खरी असते

त्या आजींना पाहिल्यावरच्या रविवारी मी आईकडे गेले. ती तालुक्याच्या गावी एकटी राहते. दाराला वर-खाली कड्या, वर जुना लाकडी अडसर. मी कड्या काढायचे म्हटले तर ती उखडली. "तू असतेस का इथे रात्री? खुट्ट झालं की माझा जीव वरखाली होतो. कडी लावल्याशिवाय डोळ्याला डोळा लागत नाही माझा." तिचे चुकीचे नव्हते. रात्र रात्र भीतीने जागणेही रक्तदाबाला आणि मनाला चांगले नसतेच. सुरक्षित वाटणे ही आरोग्याचीच गरज आहे, आणि ती हसण्यावारी नेऊन कुणाची कडी काढून घेता येत नाही.

मग आम्ही मधला मार्ग काढला. चौकटीला लोखंडी पट्टी, वर तीन खिळ्यांचे मजबूत कुलूप, आतून मूठ आणि बाहेरून किल्ली. अंगणात हालचालीने लागणारा दिवा. पलंगाशेजारी एक बटण, जे दाबले की शेजारच्या वहिनींच्या घरात बेल वाजते. कॅमेऱ्याला मात्र तिने साफ नकार दिला. "मी काय सराफाचं दुकान आहे का?" म्हणाली. मी आग्रह धरला नाही. त्याऐवजी रोज सकाळी सातला ती मला "उठले" एवढाच संदेश पाठवते.

सगळे झाल्यावर तालीम केली. आई आत, वहिनी आणि मी बाहेर. पहिल्याच खेपेस फसलो. दाराची किल्ली होती, पण अंगणाच्या फाटकाची वेगळी किल्ली वहिनींच्या जुडग्यात नव्हती. ती करून घेतली. दुसऱ्या खेपेस आई सवयीने एक कडी लावून बसलेली. तिसऱ्या खेपेस एका मिनिटाच्या आत आम्ही तिच्या पलंगाशी होतो. तेव्हा ती स्वतःच म्हणाली, "काढ ती वरची कडी." अडसर अजून कोपऱ्यात उभा आहे. पावसाळ्यात दार फुगते तेव्हा लागतो, असे तिचे म्हणणे. मी विषय वाढवत नाही.

त्या आजी तीन आठवड्यांनी घरी गेल्या. मूत्रपिंडे सावरली, पण उजवा हात परत आला नाही, आणि बोलणे चार-पाच शब्दांपुरते उरले. जाण्याच्या दिवशी मुलाने मला विचारले, "आता घरात कुठला कॅमेरा लावू?" मी त्याला म्हटले, कॅमेरा नंतर बघू. आधी एका रात्री दार नेहमीसारखे लावून घ्या, दिवे घालवा, आणि दोन गोष्टी घड्याळ लावून मोजा : आतल्या माणसाला बाहेर यायला किती वेळ लागतो, आणि शेजाऱ्याला किल्लीने आत यायला किती. दोन्ही एका मिनिटाच्या आसपास असतील तर पुढची खरेदी निवांत करा. नसतील तर दुकानदाराआधी सुताराला बोलवा.